पानातला स्टार्च तपासताना या चुका टाळा

शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग फसला की खापर उन्हावर नाहीतर आयोडीनवर फुटतं. बहुतेक वेळा नडलेली असते ती घाई. कुंडी उन्हातून उचलून थेट टेबलावर ठेवली, तिथेच प्रयोग संपला.

झाड आधी अंधारात ठेवायचं असतं. निदान २४ तास, जमलं तर ४८. पानात आधीचा स्टार्च असतो, तो अंधारात झाड वापरून टाकतं. आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं, पण ते फक्त स्टार्च आहे की नाही एवढंच दाखवतं; तो काल बनला की आज, हे त्याला कळत नाही. भंडाऱ्याकडच्या एका शाळेत ही पायरी ‘वेळ कुठे आहे’ म्हणून गाळलेली पाहिली. अंगणात उन्हात वाढलेली जास्वंद, सकाळी पानाला ऊन अडवायला काळ्या कागदाची पट्टी, दुपारी आयोडीन. अख्खं पान निळं-काळं, पट्टीखालचंही. एक पोट्टा लगेच म्हणाला, “सर, अंधारातबी अन्न बनते जी!” समोर जे दिसलं त्यावरून त्याचं बरोबरच होतं. सरांनी मात्र सगळ्यांना पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवायला लावलं. प्रयोग फसला याचं मला काहीच वाटलं नाही. त्या वह्यांचं वाटलं.

मी पट्टी लावण्याआधी त्याच झाडाचं एक पान तोडून तपासतो. आयोडीनचा पिवळट-तपकिरी रंग तसाच राहिला तर पुढे जायचं, निळी झाक दिसली तर कुंडी परत कोठीत. पोट्टे कंटाळतात. कंटाळू द्या. आणि पट्टी पानाच्या दोन्ही बाजूंनी लावा.

पानाचा हिरवा रंग काढायला स्पिरिटचं भांडं थेट आचेवर ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, आधी बर्नर बंद करतो. स्पिरिटची वाफ झटकन पेट घेते. ते साधारण ७८ अंशांना उकळतं, म्हणून उकळत्या पाण्याच्या गंजात परीक्षानळी उभी केली की काम होतं. तोवर आच विझवलेली असावी. त्याआधी पान मिनिटभर पाण्यात उकळा. हिरवा रंग उतरल्यावर ते कडक होतं, कोमट पाण्यात बुडवलं की मऊ पडतं.

आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. गडद ओतलं की सगळंच काळं दिसतं.

कांद्याची पात घेऊ नका, तिच्यात स्टार्च जवळजवळ साठतच नाही.

मे महिन्यात भर दुपारी हा प्रयोग कशाला? ४५ अंशांच्या उन्हात पाणी वाचवायला झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटून घेतं, मग कार्बन डायऑक्साइड आत जाणार कुठून? दिवाळीच्या आसपास सकाळी करा.

बोडीतून (लहान तळ्यातून) हायड्रिला ही पाणवनस्पती आणून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवायचे असतील तर ‘स्वच्छ हवं’ म्हणून उकळून गार केलेलं पाणी घेऊ नका. उकळताना त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. साधं पाणी घ्या, चिमूटभर खायचा सोडा टाका, देठांची कापलेली टोकं नरसाळ्याखाली वरच्या बाजूला ठेवा. आणि तासाभरात ऑक्सिजन तपासायला अगरबत्ती घेऊन धावू नका. नरसाळ्यावरच्या नळीत पुरेसा वायू जमायला अख्खा दिवसही लागतो. त्याआधी निखारा फुलला नाही, तर हायड्रिलाला नावं ठेवू नका.