‘जेवलास’ की ‘जेवलासा’? सांगलीच्या कानानं कोरियन मालिका बघताना

‘जेवलास का?’ आणि ‘जेवलासा का?’ यांतला फरक सांगली-मिरजेकडं वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिला प्रश्न धाकट्या भावाला, दुसरा गावाहून आलेल्या मामांना. शेपटीला एक ‘आ’ लागला की नातं बदललं. कोरियन भाषा नेमकी अशीच चालते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि मान त्या क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र दोन्ही प्रश्नांना ‘हॅव यू ईटन?’ एवढंच येतं. निम्मी गोष्ट तिथंच गळते, आणि मग लोक म्हणतात, ‘आठ भाग झाले तरी काहीच घडंना.’ घडलेलं असतं, ते ऐकायचं राहिलेलं असतं.

आधी सेटिंग नीट करा

आवाजाची भाषा ‘कोरियन (मूळ)’ ठेवा. सबटायटलच्या यादीत बऱ्याचदा इंग्रजीचे दोन पर्याय दिसतात, नुसतं ‘इंग्लिश’ आणि ‘इंग्लिश सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या ओळी). नुसतं ‘इंग्लिश’ घ्या. परभाषेतल्या मालिकांची सीसी बहुधा इंग्रजी डबिंगवरून उतरवलेली असते. डबिंगची वाक्यं ओठांच्या हालचालीत बसवायला कापलेली-वाढवलेली असतात, म्हणून पात्र चार शब्द बोलतं आणि खाली दोन ओळी येतात. 2021 साली ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या भाषांतरावर वाद झाला, तेव्हा दाखवलेली बरीच उदाहरणं या सीसी ओळींतलीच होती.

अक्षरं ‘मोठी’ करा आणि त्यांना काळी सावली किंवा काळी पट्टी द्या. 32 इंची टीव्ही दहा फुटांवरून बघताना मधली अक्षरं पुरत नाहीत, आणि बर्फाच्या प्रसंगात पांढरी ओळ पार विरून जाते. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, नाहीतर महागातला चित्रपटही रोजच्या सीरियलसारखा दिसतो.

मोबाइल डेटावर बघणार असाल तर हिशेब आधी करा. एचडीला तासाला साधारण 3 जीबीपर्यंत जातात, साध्या दर्जाला 1 जीबीच्या आत. रोजच्या 2 जीबीत एचडीचा सव्वा तासाचा भाग बसत नाही, शेवटची पस्तीसेक मिनिटं गोल फिरत बसतात. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. वाय-फाय चालू आहे तोवर दोन भाग फोनमध्ये उतरवून ठेवलेले बरे.

शेपटी ओळखा

कानाला तीन शेवट सापडले की बरंचसं काम झालं. ‘धन्यवाद’ हाच शब्द घ्या. ‘गोमावॉ’ हे अरे-तुरे. ‘गोमावॉयो’ हे अहो-जाहो. ‘खाम्साहाम्निदा’ त्याहून औपचारिक, कचेरीत, लष्करात, बातम्यांत, किंवा साहेबासमोर कमरेत वाकून. म्हणजे शेवटी ‘यो’ किंवा ‘म्निदा’ ऐकू आलं तर मान आहे, वाक्य उघडंच संपलं तर सलगी आहे, नाहीतर उर्मटपणा. या उघड्या बोलण्याला कोरियनमध्ये ‘बानमाल’ म्हणतात.

सराव असा करा. पहिल्या भागातला दोघांच्या बोलण्याचा एक साधा प्रसंग निवडा. आधी सबटायटल वाचत बघा, मग दहा सेकंद मागं जाण्याचं बटण दाबून तोच प्रसंग ओळी बंद करून ऐका. ‘यो’ कोण लावतंय आणि कोण लावत नाही, एवढंच शोधा. बाकी शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. तीन-चार भागांनंतर कान आपोआप शेपटीकडं जायला लागतो.

मग मालिकेतली खरी वळणं दिसू लागतात. नायक-नायिका पाच-सहा भाग एकमेकांना ‘यो’ लावत असतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘माल नोउसेयो.’ शब्दशः अर्थ ‘बोलणं खाली ठेवा’, आपल्याकडं ‘अहो, मला अहो-जाहो नका करू’. सबटायटलमध्ये तिथं ‘रिलॅक्स’सारखं काहीतरी येऊन जातं. हात धरण्यापेक्षा ही पायरी मोठी असते.

भांडणातही हेच. रस्त्यावर दोन गाड्या घासतात, दोघे उतरतात आणि एकजण विचारतो, ‘वय काय तुझं?’ नवखा प्रेक्षक चक्रावतो, इथं वयाचा काय संबंध? संबंध असा, की अरे-तुरे करायचा हक्क कुणाचा हे वयावर ठरतं. ‘कुणाला अरे-तुरे करतोस रे?’ असं आपल्याकडं ज्या सुरात म्हणतात, तोच सूर तिथं असतो.

नात्यांचे शब्द: इथं मराठी प्रेक्षक पुढं आहे

इंग्रजीत ‘आंट’ एकच. कोरियनमध्ये आईची बहीण ‘इमो’ आणि वडिलांची बहीण ‘गोमो’, म्हणजे सरळ मावशी आणि आत्या. मामाला ‘वेसामचोन’, काकाला ‘सामचोन’. गंमत पुढं आहे: छोट्या खानावळीत वाढणाऱ्या बाईलाही ‘इमो’ अशीच हाक मारतात. मेसच्या मावशींना मावशी म्हणणाऱ्या सांगलीतल्या विश्रामबागच्या पोरांना हे कोड्यासारखं वाटायचं कारण नाही, पण खाली ‘मॅम’ किंवा ‘एक्सक्यूज मी’ वाचलं तर ती हाक हरवते. वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात, त्यावर काही लिहायलाच नको. नवराबायकोचं ‘योबो’ खाली ‘हनी’ होऊन येतं. ते मनात ‘अहो’ असं वाचा, फक्त तिकडं ही हाक दोघंही मारतात. शेजारणीही एकमेकींना नावानं न बोलावता ‘अमक्याची आई’ म्हणतात.

‘स्क्विड गेम’मध्ये अली हा पाकिस्तानी कामगार (भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीची) त्याच्यासोबत खेळात उतरलेल्या सांग-वूला आधी ‘साजांगनिम’ म्हणतो, म्हणजे मालक, शेठ. पुढं सांग-वू त्याला ‘ह्यंग’ म्हणायला लावतो. ह्यंग म्हणजे पुरुषानं थोरल्या भावाला म्हणायचा ‘दादा’. शेठचा दादा झाला, म्हणून गोट्यांच्या डावात अली आंधळा विश्वास टाकतो. हे ऐकलं नसेल तर अली नुसता भोळसट वाटतो.

एका ठिकाणी मात्र मराठी मोजपट्टी चालत नाही. मुलगी थोरल्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते आणि प्रियकरालाही ‘ओप्पा’च म्हणते. आपल्याकडं ज्याला दादा म्हटलं त्याच्याशी लग्नाची गोष्ट संपली. तिकडं बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. घरात मोठी माणसं बसली असतील तर हे आधीच सांगून टाका. आडनावाचंही तसंच. कोरियात आणि चीनमध्ये लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, त्यामुळं आई-मुलाची आडनावं वेगळी दिसली म्हणून सावत्रपणाचं रहस्य शोधत बसू नका. जपानमध्ये उलट, कायद्यानं जोडप्याला एकच आडनाव घ्यावं लागतं.

सबटायटलकारावर सारखं डाफरायचंही कारण नाही. ‘पॅरासाइट’ (2019) या कोरियन चित्रपटात दोन तयार नूडल्स एकत्र करून केलेल्या ‘चापागुरी’चं इंग्रजीत ‘राम-डॉन’ केलं, रामेन आणि उडोन ही नूडल्सची दोन नावं मिळून. परक्या प्रेक्षकाला दीड सेकंदात कळेल असं काहीतरी द्यावंच लागतं, आणि हे शहाणपणाचं काम होतं. नात्याचा शब्द गाळणं ही वेगळी गोष्ट. स्वयंसेवकांनी केलेल्या ओळी, उदाहरणार्थ विकीवरच्या (ज्ञानकोश नव्हे, मालिका दाखवणारं विकी), ओप्पा-नूना (नूना म्हणजे मुलानं थोरल्या बहिणीला म्हणायचं ‘ताई’) तसेच ठेवतात आणि कंसात टीपही देतात. सुरुवातीला त्या जास्त कामाच्या.

आज्जी सोबत असेल तर

हिंदी डबिंग लावा, कमीपणा मानू नका. हिंदीत तू, तुम, आप आहेत, त्यामुळं चांगलं डबिंग या एका बाबतीत इंग्रजी ओळींपेक्षा मूळच्या जवळ जातं. तोटा आवाजाचा. खालच्या पट्टीत बोलणारा नट डबिंगमध्ये ठणठणीत होतो. मूळ आवाजच हवा असेल तर एकानं मराठीत सांगत जावं, पण प्रत्येक ओळ वाचू नये. एक वाचेपर्यंत दोन निघून जातात. ‘ही तिची आत्या, पैसे मागतीय’ एवढं पुरतं. आणि भडंग मध्यंतरात द्या, कुरकुरीत ‘यो’ ऐकू येत नाही.

किती भाग, कुठं सोडायचं

कोरियन मालिका बहुधा 16 भागांची, भाग तासा-सव्वातासाचा. यादीत 32 भाग, प्रत्येकी 35 मिनिटं असं दिसलं तर घाबरू नका, त्या 16च आहेत. सरकारी-खाजगी मोठ्या वाहिन्यांना 2021 पर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायची मुभा नव्हती, म्हणून एकेक भाग दोन तुकड्यांत कापून फटीत जाहिराती घातल्या जात. नायक सारखा एकाच दुकानात सँडविच खायला का जातो, त्याचंही उत्तर जाहिरातच. दुसरा भाग संपेपर्यंत एकाही पात्राची काळजी वाटली नाही तर खुशाल सोडा. बारा-तेराच्या आसपास कथा रेंगाळते, तिथं मात्र थांबू नका.

जपानी मालिका 10-11 भागांत आटपते, भाग पाऊण तासाचा. तिथं ‘देस’ आणि ‘मास’ हे शेवट म्हणजे अहो-जाहो. आडनाव अधिक ‘सान’ सोडून कुणी नुसत्या नावानं हाक मारली की कान टवकारा.

चिनी मालिकेला 30-40 भागांची तयारी ठेवा. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्ही बिघडलेला नाही. मूळ चिनीतही बऱ्याचदा दुसऱ्याच कलाकारांचे आवाज घातलेले असतात. चित्रातच चिनी ओळी छापलेल्या असतात आणि त्यांच्यावर इंग्रजी चढून खिचडी होते. सबटायटलची जागा बदलता येत असेल तर वर सरकवा, नाहीतर गडद काळी पट्टी लावा, खालची चिनी झाकली जाते.