हार्बरला ब्लॉक नव्हता, दादा

फॉर्म भरून झालाय, ओरिएंटेशन झालंय, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद जमा केलाय आणि आता आपली मॅच, म्हणजे मुलाशी जोडी, कधी लागते याची वाट बघताय, अशा नव्या मेंटॉर मंडळींसाठी, म्हणजे संस्थेमार्फत एखाद्या मुलाचे दादा-ताई होणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मेंटॉरिंग म्हणजे शिकवणी नव्हे, मुलाच्या घरी पैसे द्यायचे नाहीत, फोटो टाकायचे नाहीत, हे तुम्हाला सांगून झालेलं असणार. ते पुन्हा उगाळत नाही. मी ज्या खड्ड्यात पडलो तोसुद्धा ओरिएंटेशनमध्ये सांगितला होता. मी तेव्हा मान डोलावली होती.

मी राहतो वडाळ्याला, नोकरी अकाउंट्सची. पहिला मेंटी, म्हणजे माझ्या जोडीचा मुलगा, गोवंडीचा, तेरा वर्षांचा, आठवीतला. सप्टेंबरात मॅच लागली. दर रविवारी दहा ते बारा भेट. पहिले दोन महिने तो 'हो' आणि 'माहीत नाही' यापलीकडे गेला नाही. तुमचाही जाणार नाही. घाबरू नका, आणि कृपा करून ती शांतता भरायला स्वतःच्या संघर्षाची गोष्ट सांगू नका. त्याला ती नको असते.

डिसेंबरात त्याला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला नेलं. तिथे तो जांभया देत फिरला. पण परतताना कुर्ल्याला हार्बर लाइनची लोकल पकडली आणि पठ्ठ्या जो सुटला तो गोवंडी येईपर्यंत थांबला नाही. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव, दोन पिवळे म्हणजे जा, पण जपून. त्यांची खोली रुळाला लागून आहे, तिथून तो हे सगळं बघत असतो. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हटलं, जमलं.

मग फेब्रुवारी उजाडला. अकाउंट्सवाल्याचा मार्च काय असतो ते वेगळं सांगायला नको. दोन रविवार खरोखरच ऑफिसात गेले. दोन्ही वेळा त्याच्या आईच्या फोनवर मेसेज केला, 'पुढच्या रविवारी नक्की'. तिसऱ्या रविवारी काम नव्हतं. मी झोपलो होतो. साडेदहाला जाग आली आणि मेसेज टाकला, 'मेगाब्लॉक आहे रे, निघता येत नाही', म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद.

संध्याकाळी आईच्या फोनवरून त्याचा आवाज आला. "दादा, आज हार्बरला ब्लॉक नव्हता. ट्रान्स-हार्बरला होता. गाड्या जात होत्या." आवाजात राग नाही, काही नाही. सिग्नलची चूक दुरुस्त करावी तसं.

आता नीट ऐका, कारण मला वाटायचं की लोक सोडतात ते वेळ नसतो म्हणून. तसं नाही. वेळ नसणं दोन रविवारांपुरतं असतं. पुढचे सगळे रविवार लाजेत जातात. चौथ्या रविवारी मला वेळ होता, पण तोंड कसं दाखवू? पाचव्याला वाटलं, इतके दिवसांनी रिकाम्या हाताने कसं जाऊ. म्हणून बॅट आणली. ती दाराआड उभी राहिली. सहाव्या रविवारी को-ऑर्डिनेटर ताईंचा फोन आला तो उचलला नाही. एप्रिल संपेपर्यंत मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं, की आता परत जाणं मुलालाच त्रासदायक होईल. बघा, पळून जायलासुद्धा आपण मुलाचंच कारण शोधतो.

त्या पोरांना माणसं जाण्याची सवय असते. आवडत्या बाईंची बदली होते, संस्थेचा प्रोजेक्ट बंद पडतो, बाप गावी जातो तो येत नाही. तुम्ही न सांगता गेलात, तर मागे राहिलेल्या शांततेचा अर्थ पोर आपल्या परीने लावतं. माझ्या पोराने ताईंना विचारलं होतं, "मी खोटं पकडलं म्हणून दादा येत नाहीत का?" हे मला पुढे जुलैत कळलं. अजून रात्री आठवतं.

हे माझंच रडगाणं नाही. अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या कार्यक्रमातल्या १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंटॉर मिळालेल्या मुलांचं शाळा बुडवणं न मिळालेल्यांच्या तुलनेत निम्मं होतं. हा आकडा तुम्हाला प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये दाखवतील. त्याच मुलांच्या माहितीवर २००२ मध्ये आलेलं दुसरं विश्लेषण मात्र कुणी दाखवत नाही. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांना सर्वांत जास्त फायदा, आणि ज्यांची जोडी अगदी लवकर तुटली त्यांची काही बाबतींत आधीपेक्षाही घसरण. म्हणजे अर्धवट मेंटॉर हा शून्य मेंटॉरपेक्षा वाईट असू शकतो. वर्षभराची खात्री नसेल तर फॉर्म आजच मागे घ्या, कुणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर ठेवू द्या.

पण एक रविवार चुकला म्हणून नातं मोडत नाही, हेही तितकंच खरं. 'आज झोपलो, सॉरी' एवढं कळवलं असतं तर तो बहुतेक हसला असता.

संस्था निवडताना ओरिएंटेशन किती चकाचक होतं हे बघू नका. एका को-ऑर्डिनेटरकडे किती जोड्या आहेत ते विचारा. पहिले तीन-चार महिने तुम्हाला (मुलाला नाही, तुम्हाला) नियमित फोन कोण करणार ते विचारा. जोडी संपवायची रीत काय, शेवटची भेट कोण ठरवतं, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरी संस्था बघा. आणि कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या उपक्रमातून, एका शनिवारी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून येणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. एक दिवस यायचं असेल तर भिंती रंगवा. पोरांशी दोस्ती करू नका. व्हॉट्सॲपवर रोज सुविचार पाठवणारे मेंटॉर त्याहून वाईट.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. मुलाने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आधी को-ऑर्डिनेटरला सांगा, आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये याच गोवंडीशेजारच्या देवनारहून, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून (टिस) सुरू झाली.

जुलैत ताईंनी दुसऱ्या नंबरवरून फोन केला आणि मी उचलला. शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा या आणि नीट निरोप घ्या. त्याला दुसरा दादा द्यायचाय, पण तो तयार होत नाही." मी गेलो. बॅट नेली नाही, ताईंनीच नको म्हटलं. तो बाकावर बसला होता, मिसरूड फुटायला लागली होती. मी पाठ करून आणलेलं बोलायच्या आत त्याने विचारलं, "मार्च संपला तुमचा?"

मी म्हटलं, त्या दिवशी झोपलो होतो, खोटं बोललो. तो म्हणाला, "माहीत आहे." मग वीस मिनिटं आम्ही बोललो, त्यातली पंधरा गाड्यांवर. ऑगस्टात त्याने नवा दादा घेतला.

ताईंनी मला वर्षभर कुणी दिलं नाही, ते बरोबरच केलं. आता दुसरा मेंटी आहे, मानखुर्दचा, आमचे वीस महिने झालेत. यंदा जानेवारीतच त्याला सांगितलं की मार्चमध्ये फक्त दोन रविवार जमतील. त्याने घरच्या कालनिर्णयवर त्या दोन तारखांना गोल केले आणि उरलेल्या रविवारांवर बॉलपेनने लिहिलं, 'दादा ऑफिस'.