आठव्या चालीत घोडा गेला? डाव अजून आहे

पुण्यात रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांत पोरं घोडा गेला की लगेच हार मानून हात पुढे करतात. नका करू. पहिलं काम म्हणजे दोन्ही हात मांडीखाली. खरंच. चूक झाल्यावरची पुढची चाल रागात पडते आणि दुसरं मोहरं त्या रागातच जातं.

मग हिशेब करा: गेलं काय, मिळालं काय? घोडा साधारण तीन प्याद्यांच्या तोलाचा, म्हणून त्याच्याबदल्यात दोन प्यादी आली असतील तर तोटा साधारण एकाच प्याद्याचा. आपला राजा अजून मध्येच असेल, तर आधी कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजा बाजूला नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणणं.

आता खरी गोष्ट. समोरचा पुढे आहे, त्यामुळे तो मारामारी करून पट रिकामा करायला बघणार. वजिराला वजीर भिडवला, तर शक्यतो बाजूला व्हा. मोहरी टिकवा, प्यादी मात्र खुशाल मारामारीत जाऊ द्या. कारण सगळी प्यादी संपली, तर नुसत्या एका घोड्याने किंवा उंटाने एकट्या राजावर मात होत नाही, डाव बरोबरीत सुटतो.

जिंकायचं असेल तर त्याच्या राजासमोरची फळी फोडा आणि वजीर-हत्ती तिकडे वळवा. जिंकलोच समजून तो भराभर खेळायला लागला, की त्याची प्रत्येक चाल दोनदा तपासा. मागच्या रांगेत कोंडलेला राजा आणि आधार नसलेला हत्ती बहुतेकदा तेव्हाच सापडतो.

वजीरच फुकट गेला असेल, आणि समोर मुरलेला खेळाडू असेल, तर मात्र हात मिळवा आणि चहा प्यायला जा.