टिटवी ओरडली की पाय थांबवा

पावसाळ्यात इंदूरहून जानापावच्या डोंगरावर जाणाऱ्या आपल्या मंडळींना एक कळकळीची विनंती: माथ्यावरच्या गवतात पायवाट सोडून शिरू नका. चंबळ नदी इथेच उगम पावते आणि उत्तरेला यमुनेकडे निघते. पठाराच्या दक्षिण कडेचं पाणी मात्र नर्मदेकडे उतरतं. हे पाहायला सगळे कडेपर्यंत धावतात, आणि नेमकं त्याच दिवसांत लावा, चंडोल, तित्तिर हे पक्षी गवतात जमिनीवरच घरटी करतात.

टिटवी तर घरटंही धड बांधत नाही. उघड्या खडीत चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. दोन हातांवरूनही दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडू लागली, अंगावर झेपावली, की समजा अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. पुढे जाऊ नका, पाहत खाली बसूही नका. आल्या पावलीच मागे फिरा. आई-बाप जितका वेळ उडत राहतात, तितका वेळ अंडी उघडी पडतात आणि कावळा टपलेलाच असतो. मुलांना हे घरीच, निघण्याआधी सांगून ठेवा.

वाट निवडताना दगडाळ निवडा. माळव्याची काळी माती ओली झाली की बुटाला शेर-शेर चिकटते आणि उतारावर पाय घसरतो. हातात काठी असू द्या, गवतात साप असतात. गडगडाट ऐकू आला तर उघड्या माथ्यावर क्षणभरही थांबू नका, लगेच उतरा.