भाड्यासाठी पहिला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

पुण्यात पगार जरा स्थिरावला की लोक म्हणू लागतात, ‘एक फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ, हप्ता भाड्यातूनच फिटेल.’ फिटत नाही. 75 लाखांचा फ्लॅट धरा, भाडं 24 हजार. मुद्रांक शुल्क सात टक्के (बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी), नोंदणीचे 30 हजार, मग पंखे, गीझर, किचन ट्रॉली. 82 लाख सहज जातात. वर्षाचं भाडं 2 लाख 88 हजार. त्यातून महिना तीन हजारांचा मेंटेनन्स, पंधराएक हजारांचा मिळकतकर, एक महिना रिकामा आणि एजंटची अर्ध्या महिन्याची दलाली काढा. हातात दोन लाख उरतात, म्हणजे अडीच टक्केही नाहीत. 60 लाखांचं कर्ज 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 50 हजारांच्या वर जातो. वरचे पैसे दर महिन्याला खिशातून भरायची तयारी असेल तरच पुढे जा.

दुसरी चूक बघून माझं डोकंच फिरतं. 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर 11 महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, झालं! ‘11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असं एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे साफ चूक आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझ्या मावसभावाने वाकडचा फ्लॅट असाच नोटरीवर दिला. मुदत संपली, भाडेकरू हलेना. वर म्हणाला, डिपॉझिट 50 हजार नाही, दीड लाख दिलंय, उरलेले रोख. आणि करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या हे मालकाने सिद्ध करायचं. भाऊ वकिलाकडे गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला: नोंदणी केलीय का? शेवटी जास्तीचे पैसे मोजून घर रिकामं करून घेतलं. करार नोंदवलेला असता तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (घर रिकामं करून देण्याचे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करता आला असता आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं मागता आलं असतं.

नोंदणी टाळून वाचवले किती? 24 हजार भाडं, 50 हजार डिपॉझिट, 11 महिने: मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने सातशेच्या आत, नोंदणी फी शहरात हजार. काम ऑनलाइन होतं, घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणारेही आहेत. नोंदणीची पावती हातात आल्याशिवाय मी किल्ली देत नाही. भाडेकरूला कितीही घाई असो, दोन दिवस थांबायला सांगतो. जो तेवढंही थांबत नाही, तो मला नकोच.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्यासाठी घेऊ नका. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, हप्ता चालू, वर जीएसटी.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसेल तर पुढे बोलूच नका.

फ्लॅट रविवारी सकाळी एजंटबरोबर बघून टोकन देणारे खूप आहेत. मी रात्री आठनंतर एकटा जातो. वॉचमनला विचारतो, मे महिन्यात टँकर किती येतात, वर किती फ्लॅट रिकामे आहेत. मग सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सची मागची बिलं मागतो. टँकरचा खर्च तिथेच दिसतो, ब्रोशरमध्ये कधीच नाही.

भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा आकार) लावते. ते सेवाशुल्काच्या (मेंटेनन्समधला वॉचमन, सफाई वगैरेंचा भाग) 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मनाला येईल तो आकडा लावला असेल तर लेखी अर्ज द्या. पुणे महापालिकेत राहत्या घराला मिळणारी मिळकतकरातली 40 टक्के सवलतही भाड्याच्या घराला नाही, हे हिशोबात धरा.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची, पावती करारासोबत ठेवायची. परदेशात राहून इथला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी तर भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगावं की भाडं कितीही कमी असलं तरी टीडीएस (भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापून उरलेली रक्कमच पाठवायची आहे. बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं, आणि प्राप्तिकर खात्याची नोटीस आली की भांडण मालकाशी होतं.