'माय फेअर लेडी'च्या जुन्या क्लिपा कशा बघायच्या, नाशिकात बसून

आधीच सांगतो म्हणजे नंतर चिडचिड नको, १९५६ च्या ओरिजिनल 'माय फेअर लेडी'चा, म्हणजे ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कची नाटकांची पेठ) त्या म्युझिकलचा, पूर्ण शो शोधत बसू नका, रेकॉर्डिंगच नाहीये. आमच्या ग्रुपमध्ये पण आहेत एकदोन जण जे रात्री बारापर्यंत युट्युब खाली सरकवत बसतात आणि हाताला लागतं काय तर कुठल्यातरी कॉलेजचं गॅदरिंग, नाहीतर १९६४ चा सिनेमा ज्यात नाटकातली मूळ नायिका ज्युली अँड्र्यूज नाहीच, ऑड्री हेपबर्न आहे आणि गाणी बरीचशी मार्नी निक्सनच्या आवाजात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने नाटकं पद्धतशीर रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली १९७० ला, आणि आपला शो १५ मार्च १९५६ ला सुरू होऊन २७१७ प्रयोग करून १९६२ लाच उतरला. शिवाय त्या लायब्ररीतलं रेकॉर्डिंग तिथेच जाऊन, अपॉइंटमेंट घेऊन बघावं लागतं, म्हणजे कॉलेज रोडवर बसलेल्या माणसाला शून्य उपयोग.

तर आपल्या वाट्याला आलेत टीव्हीचे तुकडे. पण ते नीट बघितले ना तर जाम मजा आहे, फक्त क्रम चुकवू नका.

पहिले ऐकायचं, बघायचं नंतर. जुन्या टीव्हीच्या प्रिंटचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा असतो, गाणं कानात आधीच पक्कं असेल तर उरलेलं कान आपोआप भरून घेतात. मूळ कास्टच्या रेकॉर्ड दोन आहेत आणि इथे बरेच जण गंडतात. १९५६ ची ब्रॉडवेची मोनो आहे आणि १९५९ ची लंडनची स्टिरिओ, दोन्हींत ज्युली आणि प्रोफेसर झालेला रेक्स हॅरिसनच. स्टिरिओ ऐकायला गोड आहे, कबूल, पण क्लिपांची तयारी करायची तर मोनोच लावा, नवीन नवीन शोचा जो करंट असतो तो तिच्यात आहे. मोनोच्या कव्हरवर हर्शफेल्डचं चित्र आहे, ढगात बसलेला मूळ नाटककार बर्नार्ड शॉ प्रोफेसरला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवतोय आणि प्रोफेसर फुलवालीला. तरी कव्हर बघून ठरवू नका, वर्ष बघा.

गोष्ट, म्हणजे प्रोफेसर फुलवालीला उच्चभ्रू बोलणं शिकवतो ती, समजून घ्यायची तर आपल्याकडे शॉर्टकट आहे, 'ती फुलराणी'. शॉच्या ज्या नाटकावरून हे म्युझिकल आलं त्याच नाटकावरून पुलंनी १९७५ मध्ये मंजुळा उभी केली. भक्ती बर्वेंचं ते स्वगत ज्याने एकदा ऐकलंय त्याला एलायझा (इथली फुलवाली) कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना इंग्रजी फारसं येत नाही पण पहिल्या क्लिपला त्या लगेच म्हणाल्या, अगं ही तर आपली मंजुळा, आणि मग आम्हालाच समजावून सांगायला लागल्या.

रेक्स हॅरिसन मात्र नवीन माणसाला खटकतो, हा गातो कुठे, नुसता बोलतोय की! तर हो, तो सुरावर बोलतो, आणि ते मुद्दाम आहे, तो गायक नव्हताच, प्रोफेसरची गाणी त्याच्या त्या बोलण्याला धरूनच बांधलीत. नाशिककरांना खरं तर हे जड जायला नको. आपल्या वसंत कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली' आठवा, १९६६ चं, अभिषेकींचं संगीत आणि श्रीकांत मोघे, बोलता बोलता माणूस गाण्यात कधी शिरला ते कळतच नाही. तो कान लावून रेक्स ऐका.

आता क्लिपा. एड सुलिव्हन म्हणजे तेव्हाचा अमेरिकन टीव्हीवरचा मोठा सूत्रसंचालक, त्याच्या शोचं ऑफिशियल चॅनल आहे युट्युबवर, तिथूनच सुरुवात करा, कारण इकडून तिकडून उचललेल्या क्लिपांत वर्ष हमखास चुकलेलं असतं. आणि वर्षाला लई महत्त्व आहे. १९५६ ला ज्युली विशीत होती आणि हाच रोल आठवड्याला आठ वेळा करत होती, १९५८ मध्ये तिने ब्रॉडवेचा शो सोडून लंडनला तोच रोल धरला, आणि १९६१ पर्यंत ती 'कॅमेलॉट' या नव्या म्युझिकलमधली राणी झाली होती. म्हणजे गाणं तेच असलं तरी आदल्या रात्री ते केलेली बाई आणि आठवून करणारी बाई यात फरक पडतो, आणि तो दिसतो पण, खांद्यात आणि हातात.

चित्र धूसर आहे म्हणून रडू नका. त्या काळात लाइव्ह कार्यक्रम जपायचा म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून तो चित्रित करायचा, त्याला किनेस्कोप म्हणतात, म्हणून कडा अशा पसरलेल्या. आणि हे थिएटर नाही, टीव्हीचा कार्यक्रम आहे, सेट कापलेला, गाणं कधी कधी छाटलेलं. तेव्हा कॉलर माइकचा जमाना नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या सवयीने ही मंडळी तोंड उघडतात आणि कॅमेरा मात्र नाकासमोर, त्यामुळे काही हावभाव मोठे वाटतात. उपाय सोपा आहे, मोबाइलवर बघूच नका, लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि खुर्ची भिंतीपर्यंत मागे घ्या. कालिदास नाट्यगृहाच्या बाल्कनीत बसल्यासारखं बघितलं की हावभाव एकदम मापात येतात, करून बघा.

एक क्लिप दोनदा बघायची. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. 'वुडन्ट इट बी लव्हर्ली'मध्ये एलायझाला काय हवंय तर गारठ्यापासून लांब एक खोली, एक मोठ्ठी खुर्ची, भरपूर चॉकलेट. शब्द बंद झाले की ते सगळं तिच्या अंगावर दिसायला लागतं, ती थंडी, ती ऊब. मी तर म्हणेन अख्ख्या सिनेमापेक्षा हे जास्त पटतं, ऑड्रीचे फॅन शिव्या देतील, देऊ देत.

'कॅमेलॉट'ची १९६१ ची क्लिप पण सोडू नका. 'माय फेअर लेडी'ला पाच वर्षं झाली म्हणून सुलिव्हनने लर्नर (शब्द) आणि लोवे (संगीत) या दोन्ही म्युझिकलच्या जोडीवर कार्यक्रम केला, आणि त्यांनी हुशारी केली, त्यात नव्या नाटकाचे तुकडे घुसवले ज्याची तिकिटं तेव्हा नीट जात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बुकिंगला रांग. राजा राणी एकमेकांना विचारतात की साधी माणसं दुःखात करतात काय, शिट्टी वाजवतात, गातात, नाचतात, आणि शेवटी उत्तर येतं की ती बसून विचार करतात राजेलोक काय करत असतील. राजा झालेला रिचर्ड बर्टन ते उत्तर द्यायच्या आधी किती थांबतो ते बघा, तिथे कोणी बोललं तर आमच्याकडे चहाचे पैसे त्याच्याकडून.

नवीन शोच्या चोरून काढलेल्या व्हिडिओंचं विचाराल तर ते 'स्लाइम ट्युटोरियल' असल्या भलत्याच नावाने टाकलेले असतात. माझं मत, नको. शूटिंग हलतं, पुढच्याचं डोकं मध्ये येतं आणि नटांना पण ते आवडत नाही. 'हॅमिल्टन' हे म्युझिकल २०१६ मध्ये नीट शूट केलेलं आहे, तसली भूक त्यावर भागवा.

आणि १९६४ चा सिनेमा अगदी शेवटी ठेवा. त्यात रेक्सने आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला होता, म्हणून त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवून सेटवरच रेकॉर्डिंग केलं. एवढ्या क्लिपा बघून झाल्यावर सिनेमा लावला की तुमचं लक्ष गोष्टीकडे जाणारच नाही, त्याच्या टायकडेच जाईल.