स्केव्होलाची कटिंग लावा, पण बोनमील टाळा

नर्सरीत ‘फॅन फ्लॉवर’ म्हणून मिळणारी स्केव्होला मूळची ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनारपट्टीवरची. पाचही पाकळ्या एकाच बाजूला, त्यामुळे अर्धं फूल कुणी कापून नेल्यासारखं दिसतं. ऊन आणि खारा वारा तिला चालतो. मुंबईच्या गॅलरीत ती मरते ती बहुतेकदा बोनमीलने, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या खताने, किंवा पावसाळ्यात.

कटिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा. फूल नसलेल्या कोवळ्या शेंड्याचा ८ ते १० सेंमी तुकडा पेराच्या खाली कापा आणि खालची पानं, कळ्या काढून टाका. कळी राहिली तर फांदीची ताकद तिच्यातच जाते. टोक रूटिंग पावडरमध्ये (मुळं फुटायला मदत करणारी पूड) बुडवून झटका. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके खडे) निम्मं-निम्मं घेऊन त्यात २ ते ३ सेंमी खोचा. वर पारदर्शक पिशवी घाला आणि कुंडी उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवा. रोज थोडा वेळ पिशवी उघडली नाही तर बुरशी धरते. ३-४ आठवड्यांनी हलकेच ओढून बघा; अडकल्यासारखं वाटलं की मुळं फुटली.

मग ८ इंची कुंडीत हलवा: २ भाग कोकोपीट, १ भाग जाडी वाळू, १ भाग लाल माती, मूठभर गांडूळखत. नर्सरीवाले तयार मातीत सवयीने बोनमील मिसळतात, म्हणून आधी विचारा. त्यातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे हिला लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर दुखणं हेच. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानेही असंच होतं. अशा वेळी खत वाढवू नका. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा.

रोप १० सेंमीचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. रोज ५-६ तास ऊन हवं. सावलीत नुसती पानं वाढतात. सुकलेली फुलं आपोआप गळतात, ती वेचत बसायची गरज नाही.

मे अखेरीस झाड एक तृतीयांश छाटा आणि छाटलेल्या शेंड्यांतून चार-पाच कटिंग लावून घरात ठेवा. जूनपासून कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली हवी. खालची ताटली काढून टाका, माती वरून सुकल्याशिवाय पाणी नको. मूळ कुजलं की झाड ओल्या मातीतही कोमेजतं. तहानलंय समजून पाणी घातलं तर ते संपलंच. तेव्हा घरातली कटिंगच कामाला येतात.